अमावास्येचं न्हाणं

मले समुद्राचं कौतुक सांगू नका. शेजारची वच्छला रेल्वेनं मुंबईकडं जाऊन आली, अन् तवापासून विहिरीवर भेटो, ओट्यावर भेटो, तिचं एकच. "कौशल्याबाई, काय ती वाळू, काय ते माड! चिटपाखरू नाई, एकदम निवांत. जाऊन याच तुमी एकदा." म्या घागर खाली ठेवली अन् म्हणलं, बाई, निवांत जागेचं मले सांगू नको. तिथं चिटपाखरू काहून नसते ते आधी इचार. ती हासली. तिले वाटलं म्हातारी खवचट हाय. हाय मी खवचट. पण आता बसलीच हायस तं ऐकून घे, वच्छले.

माझं सासर कौंडण्यपूर, वर्धेच्या काठी. धन्याचं नाव घेत नसते, पण तुले कळावं म्हणून एकदाच घेते, जानराव. कापसाले सोन्याचा भाव आला होता त्या सालची गोष्ट. तिकडं साता समुद्रापार गोरे गोऱ्याईशी लढून राहिले होते, अन् इथं अमरावतीच्या बाजारात लोक गाद्या उसवून त्यातला कापूस इकून राहिले होते. कोणी म्हणे, अमक्यानं बंडीच्या चाकाले लोखंडाच्या जागी चांदीची धाव चढवली. म्या काई ती पाह्यली नाई. लोकाईची डोकी फिरली होती, तेवढं मात्र पाह्यलं.

रेल्वे तवा आमच्याकडं आली नव्हती. जिथवर आली होती तिथं डबे मिळत नव्हते, कापसाचे ढीग उघड्यावर पडून राहत. मंग धनी म्हणले, आपण बंडीनंच थेट मुंबई गाठू. अन् हे ऐकल्याबरोबर आतून माझी सासू ओरडली, "मी बी येते!"

माझी सासू गोदाबाई. तिचे गुडघे गेले होते, उचलून ठेवा तिथं बसायची. डोळ्यांत फूल पडलेलं, उजेड अन् अंधार तेवढा समजे. पण जीभ शाबूत होती. माझी-तिची रोज खडाजंगी. भाजीत मीठ जास्त झालं तरी भांडण, कमी झालं तरी भांडण. पण तिले न्हाऊ घालणार मी, तिची वेणी घालणार मी, दुसऱ्या कोणाचा हात तिले चालत नसे. एकदा मी माहेरी गेली तं चार दिवस तिनं केसाले फणी लावू दिली नाई. असं आमचं होतं.

तिचं म्हणणं असं की वर्धेत जन्मभर न्हाली, पूर्णेत न्हाली, तापीत न्हाली. आता या सगळ्या बाया जिथं जातात तिथं एकदा न्हायचं. माझे भासरे केशवराव, म्हणजे धन्याचे थोरले भाऊ, ते भडकले. म्हणले, "म्हातारीले एवढ्या दूर नेतं का रे? काई झालं म्हणजे?" धनी उंबऱ्यात उभे राहून साऱ्या घरासमोर बोलले, "माझी माय हाय. मी नेतो, अन् मीच परत आणून याच उंबऱ्यात उतरवतो." झालं, मंग कोण काय बोलते. मी बी गेली, कारण तिले पाहणार कोण?

बंडी होती अमरावतीच्या हुसेनमियांची. हाकणारा धुरकरीबी स्वतः हुसेनमियाच. दोन बैल त्याचे, पाखऱ्या अन् चांद्या. चांद्या नवा होता, अल्लड. पाखऱ्या मात्र बैल म्हणजे बैल. भर पुरात वर्धा उतरून जाये अन् पलीकडं जाऊन शेपटी झटके. हुसेनमिया त्याले बेटा म्हणे, सासूले अम्मा म्हणे, अन् मले काई म्हणत नसे, कारण मी त्याच्या चहाटळपणावर ओरडायची.

घाट उतरलो, मुंबई गाठली, कापूस इकला. मुंबईत समुद्र होता, पण तो गलबतांचा अन् धक्क्यांचा, तिथं बायामाणसानं न्हायचं तरी कुठं? अन् समुद्र रोज शिवायचाबी नसतो. अमावास्या नाई तं पुनव, पर्वणीलेच न्हायचं असते. परतीच्या वाटेवर वैशाखातली अमावास्या आली. एका बागाईतवाल्यानं आमाले माडाच्या बागेत मुक्काम करू दिला अन् म्हणला, बाग संपली की पुढं दर्याच हाय, तिकडं कोणी फिरकत नाई. धनी खूश. माझी माय निवांत न्हाईन, म्हणले.

सकाळी उजाडल्याबरोबर निघालो. माड संपले, केवड्याचं बन संपलं, अन् समोर वाळूच वाळू. वर्धेचं वाळवंट जन्माचं पाह्यलेलं, पण एवढी मोकळी वाळू मी कधी पाह्यली नव्हती. पाणी लय दूर, एक बारीक रेघ चमकून राहिली होती. चांगलं होतं गं, खोटं काहून सांगू? मऊ उजेड, गार वारा. कोळ्याच्या चार झोपड्या होत्या, त्याईच्या दाराच्या ताट्या लावलेल्या. माणूस नाई. अन् होड्या कुठं, तं वर, थेट झाडाईत ओढून माडाच्या बुंध्याले दोरानं बांधलेल्या.

"अवो," म्या म्हणलं, "होडी झाडाले कायले बांधतात?"

"चोर नेत असतीन," धनी म्हणले.

एक पिवळं कुत्रं आमच्या मागं मागं आलं. कोरडी वाळू संपली अन् ओली सुरू झाली तिथं ते थांबलं. हुसेनमियानं भाकरीचा तुकडा दाखवला, यू यू केलं, पण त्यानं ओल्या वाळूत पाय टाकला नाई. भुंकलं बी नाई. नुसतं बसून आमच्याकडं पाहत राह्यलं.

"पाणी कुठं हाय वं?" सासूनं बंडीतून इचारलं. "समुद्र गाजते म्हणे. हा तं मुका हाय."

"दूर हाय आत्याबाई."

"मंग चला की! इथं वाळूत न्हाऊ काय?"

मधात एक सखल पट्टा लागला, त्यात घोट्याएवढं पाणी. तो ओलांडला की वाळूची एक लांब उंचवट्याची पाठ होती, अन् तिच्या पलीकडं समुद्र. आमी बंडी घेऊन त्या पाठीवर गेलो. हुसेनमियाचा जीव चाकाईत अडकला होता. महिनाभराच्या उन्हानं लाकूड आटलं होतं, धाव ढिली होऊन प्रत्येक दगडावर वाजे. आमच्याकडं उन्हाळ्यात काय करतात? नदी लागली की बंडी पाण्यात उभी करतात. चाक पाणी पिते, लाकूड फुगते, धाव घट्ट बसते. त्यानं तेच केलं. बैल सोडले अन् बंडी ढकलून पार पाण्याच्या कडेले नेऊन उभी केली. चाकं चांगली वीतभर बुडली. "पियो बेटा, पेटभर पियो," असं चाकालेच म्हणला तो.

धन्यानं मायले पाठीवर घेतलं अन् पाण्यात नेऊन बसवलं. म्या तिच्या डोक्यावर तांब्यानं पाणी घातलं. एक चूळ तिच्या तोंडात गेली, अन् तिनं थू थू करून एकच कालवा केला. "माय वं! खारट! एवढ्या नद्याईनं गोड पाणी आणून टाकलं, अन् या मेल्यानं त्याचं काय करून ठेवलं!" आमी सारे हासलो. मंग तिनं हात जोडले, अन् एक एक नदीचं नाव घेऊन डोक्यावर पाणी घेतलं. तिचा चेहरा असा फुलला होता की मले तिच्यावरचा सगळा राग त्या घडीले माफ करावा वाटला. म्या तसं तिले सांगितलं नाई. सांगायले पायजे होतं.

न्हाणं झालं. तिले भूक लागली. मी त्या वाळूच्या पाठीवर तीन दगड मांडले अन् भाकरी टाकायले बसली, तं चूल पेटेना. लाकूड कोरडं, पण खालची वाळू ओली होऊन राहिली होती. पहिल्यांदा नव्हती. आजूबाजूले बारीक बारीक भोकं होती, त्यातून बुडबुडे येऊन राहिले. म्या हुसेनमियाले दाखवलं. तो म्हणला, "झिरा है बाई, झिरा." नदीच्या वाळूत उकरलं की पाणी लागते, तो झिरा. आमाले नदीच माहीत, दुसरं सुचणार काय? म्या पण म्हणलं, असन.

कोणताच आवाज नव्हता, वच्छले. तू म्हणते ना निवांत, तसं. पाखरं होती काई सकाळी कडेकडेनं, ती बी उडून गेली होती. लाटा म्हणावं तं लाटाबी नाई. पाणी नुसतं जिथं होतं तिथून जरा इकडं असे. पाहत राह्यलं तं हाललेलं दिसत नव्हतं, अन् मान फिरवून परत पाह्यलं की जवळ आलेलं असे. चाकाचे खालचे आरे बुडाले. हुसेनमिया खूश, चाक आज मनसोक्त पिऊन राहिलं म्हणला. मले त्याचा राग आला, पण का आला ते सांगता येईना.

मंग चाकाचा मधला तुंबा बुडाला, तवा त्यानं बैल जुंपले. पाखऱ्यानं जोर लावला, चांद्यानं लावला, बंडी जागची हालली नाई. चाकं वाळूत रुतली होती. धनी लागले, मी लागली. मांड्याईपर्यंत पाण्यात उभं राहून आमी ओढून राहिलो, ओरडून राहिलो, अन् सासू वाळूच्या पाठीवर बसून आमालेच शिव्या देत होती की तुमाले बंडीबी उभी करता येत नाई, बह्याडहो. यात लय वेळ गेला. मी घाम पुसायले म्हणून वळली अन् सहज कुत्र्याकडं पाह्यलं. कुत्रं जाग्यावर नव्हतं. ते मागं सरकून पार केवड्यापाशी जाऊन बसलं होतं. अन् त्याच्या अन् आमच्या मधात पाणी होतं.

येताना जो सखल पट्टा घोट्याएवढा लागला होता, तो भरून गेला होता. आमी समोर पाहत राह्यलो, अन् ते बाजूनं, वाळूची पाठ जिथं संपते त्या तोंडातून आत येऊन मागून वाहून राहिलं होतं.

"पूर आला," धनी म्हणले.

हुसेनमियानं आभाळाकडं पाह्यलं. आभाळ निळंशार. "ऊपर कहीं बरसा होगा," तो म्हणला.

आता तुले सांगते, नदीकाठच्या माणसाले पुराचं भेव नाई असं नाई, पण पुराचा एक कायदा त्याले पाठ असते. लोंढा येते अन् जाते. वाळूत सापडला तं उंचावर जायचं, बसून राहायचं, पाण्यात पाय घालायचा नाई. घडीभरात ओसरते. आमच्या गावची किती माणसं अशी वाचली, अन् ज्याईनं घाई केली ती गेली. धनी म्हणले, "बसा. उतरीन."

"अवो, पण पूर असा असते काय?" म्या म्हणलं. "गढूळ काहून नाई? काडी नाई, कचरा नाई, ओंडका नाई!"

"तुले काय समजते पुराचं?"

मी बी वर्धेकाठचीच होती, पण नवऱ्यापुढं किती बोलू? तवा ते पाणी कमरेएवढं असन. मायले पाठीवर घेऊन सुद्धा आमी निघून गेलो असतो. पण आमी शहाण्यासारखे बसलो. चौघं अन् दोन बैल, वाळूच्या पाठीवर, पाणी उतरायची वाट पाहत. अन् पाणी स्वच्छ, थंड, बिनआवाजाचं, दोन्हीकडून वर येऊन राहिलं. माझी चूल गेली. पिठाची परात तरंगली अन् गोल फिरत चालली गेली.

सासूच्या पायाले पाणी लागलं तवा तिनं पाय वर घेतले. "कौशल्ये, इथं पाणी कुठून आलं वं?" म्या सांगितलं, थोडं आलं, जाईन. धन्याचं तोंड पांढरं पडलं होतं. त्याईनं एकदा त्या पट्ट्यात उतरून पाह्यलं, अन् गळ्यापर्यंत बुडाल्यावर परत फिरले. मायले पाठीवर घेऊन पोहणं होणारं नव्हतं. ते मले हळूच म्हणले, "मी केशवदादाले काय सांगू?" बापरे, तो आवाज! मले त्याईची कीवबी आली अन् संतापबी आला.

हुसेनमिया म्हणला, "अम्माले पाखऱ्यावर बसवा."

हेच बरोबर होतं. आजबी कोणी इचारलं तं मी म्हणीन, हेच बरोबर होतं. बैल पोहते, अन् पाखऱ्यासारखा पोहणारा दुसरा नव्हता. धन्यानं मायले त्याच्या पाठीवर बसवली. तिचे गुडघे बैलाले धरू शकत नव्हते, म्हणून कासरा घेतला अन् तिच्या कमरेवरून, मांड्यांवरून, बैलाच्या पोटाखालून घेऊन चांगली गाठ मारली. पडू नये म्हणून. "माय, वशिंड घट्ट धर," म्हणले. "आता काठ."

"मी काय पहिल्यांदा बसून राहिली काय बैलावर?" सासू म्हणली. "व्हा बाजूले."

पाखऱ्या पाण्यात उतरला. चार पावलं चालला अन् मंग पोहायले लागला. पाणी बाजूच्या तोंडातून आत ओढ घेऊन येत होतं, त्यानं तो जरा वाहवत गेला. अन् हुसेनमियानं, वर्धेवर जशी आरोळी देते तशी दिली, "सामनं धर, बेटा! सामनं!"

आमच्या बैलाईले लहानपणापासून हेच शिकवलेलं असते. पुरात उतरला की ज्या बाजूनं पाणी येते तिकडं तोंड करायचं. नदीचा जोर बैलापेक्षा मोठा, त्यानं तोंड सामनं धरलं तरी नदी त्याले तिरका तिरका ढकलत पल्याड नेऊन टाकते. न धरलं तं वाहून जाते. पाखऱ्यानं मान फिरवली. काय झोकात फिरवली! धनी म्हणले, "वा रे पठ्ठे!" मी बी रडत रडत हासली. आमी तिघंबी खूश झालो, वच्छले. एवढी अक्कल आमची.

पण ती नदी नव्हती. त्या पाण्याले पाखऱ्यापेक्षा कमी जोर होता. तो तिरका झाला नाई. तो सरळ चालला, ज्या तोंडातून पाणी येत होतं त्या तोंडाकडं, अन् त्या तोंडाच्या पलीकडं समुद्र.

हुसेनमियाले आधी समजलं. तो छाती पिटून ओरडायले लागला, "फिर! पाखऱ्या, फिर! इधर!" बैलाले हे ओरडणं काय समजणार? पाण्यात असताना मालकाची आरोळी आली की तोंड अजून नेटानं सामनं धरायचं, एवढंच त्याले माहीत. जितका हा ओरडला तितका तो नेटानं पोहला. धन्यानं उडी मारली. ते नदीतले पोहणारे, चांगले पोहणारे, पण बैलाले गाठू शकले नाई. मंग हुसेनमियानं चांद्याले पाण्यात घातला. चांद्याले काई शिकवलेलंच नव्हतं. तो घाबरला अन् जिकडं झाडं दिसली तिकडं सुटला, अन् त्याची शेपटी धरून मी निघाली. हुसेनमिया पोहत गेला अन् धन्याले केस धरून ओढत काठावर घेऊन आला. धनी जगले. त्या उंबऱ्यातून मात्र ते पुन्हा आत गेले नाईत, आमी गाव सोडून इकडं मोर्शीले येऊन राह्यलो.

पण मी चांद्याची शेपटी धरायच्या आधीचं एक राह्यलं. ते मी कोणाले सांगितलं नाई, धन्यालेबी नाई.

वाळूच्या पाठीच्या टोकाले मी कमरेएवढ्या पाण्यात उभी होती. पाखऱ्या त्या तोंडातून बाहेर निघताना माझ्या अगदी जवळून गेला. पाच-सहा हातावरून. त्याचं नाक वर, डोळे शांत. सासू ताठ बसली होती, ओलं लुगडं डोक्यावरून नीट घेतलेलं, दोन्ही हातानं वशिंड धरलेलं. तिले फक्त उजेड दिसत होता. मले गाठता आलं असतं तरी ती गाठ माझ्यानं सुटली नसती. म्या तोंडावर हात दाबून धरला, पण हुंदका निघालाच, अन् तिले तो ऐकू गेला. तिनं माझ्या बाजूले मान वळवली.

"कौशल्ये, तू हायस काय वं? काठ किती राह्यला?"

मी जन्मभर तिच्याशी भांडली, तोंडावर खरं बोलली, कधी माघार घेतली नाई. म्या म्हणलं, "आलाच, आत्याबाई. हा काय समोरच हाय."

"बरं," ती म्हणली, अन् पाखऱ्याच्या मानेवर थाप मारून तिनं त्याले अजून जोरात हाकलला.